कऱ्हा शोधली तर कऱ्हा सापडली पाहिजे

निमगाव केतकी, इंदापूर, बारामती या पट्ट्यात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी मुलंमुली आता बऱ्याच घरांत आहेत. कुणी बारामतीला विद्या प्रतिष्ठानच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जातं, कुणी पुण्याला खोली घेऊन राहतं, कुणी घरीच मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकतं. या सगळ्यांना, त्यांच्या शिक्षकांना आणि घरच्यांना माझी एक विनंती आहे. डेटाबेसचं काम सोपं करणारी पायथनची एखादी छोटी ओपन सोर्स लायब्ररी निवडा आणि ती सुधारायला लागा. नवं काही उभारण्याआधी, जगभर वापरात असलेल्या पण माणसं कमी पडणाऱ्या एखाद्या जुन्या कामाला हात द्या. यात शिकायला भरपूर आहे. शिवाय आपल्या भाषेची आणि आपल्या नोंदींची त्यात जी अडचण आहे, ती आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

डेटाबेस गावात येऊन बसला आहे

डेटाबेस हा शहरातल्या कंपन्यांचा विषय आहे, असं कुणी समजू नये. सातबारा संगणकावर आला त्याला आता बरीच वर्षं झाली. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्या वेळी त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद होती. डेअरीवर दुधाचं फॅट, कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन, डाळिंबाच्या क्रेटचा हिशेब, पानमळ्यातल्या खुडणीची मजुरी, हे सगळं आज ना उद्या कुठल्या तरी टेबलात जाऊन बसतं. तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी येते, तेव्हा दिंड्यांच्या, पाण्याच्या टँकरच्या, उतरायच्या जागांच्या याद्या कराव्याच लागतात.

आणि ज्या अँड्रॉइड फोनवर तुम्ही हे सगळं पाहता, त्या फोनमध्येच एक डेटाबेस आहे. त्याचं नाव एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. तो एका फाइलमध्ये मावतो, त्याला सर्व्हर लागत नाही, आणि २००६ च्या पायथन २.५ पासून तो पायथनसोबतच येतो. पायथन टाकलं की डेटाबेस आपोआप हाताशी आला. जुन्या, कमी मेमरीच्या लॅपटॉपवरही तो सुरळीत चालतो. एकदा फाइली उतरवून घेतल्या की इंटरनेटही लागत नाही.

आता लायब्ररी म्हणजे काय, ते घरच्यांसाठी सांगतो. डेटाबेसशी बोलायला एसक्यूएल नावाची भाषा लागते. तीच वाक्यं पुन्हा पुन्हा लिहायला लागू नयेत, चुका कमी व्हाव्यात, म्हणून कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला, कुणालाही फुकट वापरता येईल असा कोड म्हणजे लायब्ररी. पायथनमध्ये एसक्यूलअल्केमी ही २००६ पासूनची मोठी लायब्ररी आहे. ती अफाट आहे, तिच्यापासून सुरुवात करू नका. पण त्याच कामाच्या छोट्या लायब्रऱ्याही आहेत. चार्ल्स लायफर यांची पीवी आहे. जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीच्या मूळ कर्त्यांपैकी एक असलेल्या सायमन विलिसन यांची एसक्यूलाइट-युटिल्स आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचं एसक्यूएलचं वाक्य, बांधून देणारी पायपिका आहे. यातली एखादी महिनाभरात वाचून समजू शकते.

छोट्या लायब्रऱ्यांवर किती मोठा भार असतो, त्याचं उदाहरण मुंबईतच आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं आणि कारभाराचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर तयार केलं. ते पायथनमध्ये आहे आणि देशोदेशीचे कारखाने, दुकानं, संस्था ते वापरतात. त्याच्या पोटात डेटाबेसकडे क्वेरी पाठवायला जी सोय आहे, ती पायपिका या छोट्या लायब्ररीवर उभी आहे. आपल्या पानमळ्यात वेल शेवरीच्या आधाराने चढते. बाजारात भाव पानाला मिळतो, पण शेवरी मोडली तर वेल जमिनीवर येते. सॉफ्टवेअरमध्ये या छोट्या लायब्रऱ्या ते शेवरीचं काम करतात.

सांभाळणारी माणसं मोजकी आहेत

अशा अनेक लायब्रऱ्या एक किंवा दोन माणसं सांभाळतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. बहुतेकांना त्याचा पगार नसतो. नोकरी, घर, मुलंबाळं सांभाळून उरलेल्या वेळात ते जगभरच्या तक्रारींना उत्तरं देतात.

हा एकटेपणा किती धोक्याचा असतो, ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिलं. फाइली दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची लायब्ररी वर्षानुवर्षं एकच माणूस सांभाळत होता आणि तो थकला होता. मदतीचं नाव करून कुणीतरी त्याचा विश्वास मिळवला, हळूहळू अधिकार मिळवले आणि त्या कोडमध्ये चोरवाट ठेवली. ती जगभरच्या सर्व्हरवर पसरायच्या बेतात होती. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही, मुळाशी गेले आणि चोरवाट उघडकीला आणली.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एकट्या मेंटेनरला प्रामाणिक सोबत मिळाली पाहिजे. आणि अर्ध्या सेकंदाची शंकासुद्धा चिकाटीने तपासणारा माणूस सगळ्यांच्या कामी येतो. या दोन्ही गोष्टींना मोठ्या शहराची, मोठ्या पगाराची गरज लागत नाही.

जे आपल्यालाच दिसेल

आता मुख्य मुद्दा. कॅलिफोर्नियात किंवा बर्लिनमध्ये बसलेला मेंटेनर कितीही हुशार असला, तरी मराठी नोंदींवर त्याचा कोड काय करतो हे त्याला कळायला मार्ग नाही. ते आपण सांगायला हवं. मी इथे पाच गोष्टी देतो. पाचही तुम्ही स्वतःच्या मशीनवर करून बघू शकता.

पहिली, कऱ्हा नदीची. बारामतीतून वाहणाऱ्या या नदीचं नाव संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जातं. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, त्याचा पाय मोडून पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हा’च दिसतात. पण डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कारकुनाने एका तऱ्हेने नोंद केली, दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधली, तर समोर असलेली नोंद सापडत नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जे युनिकोड, त्याचं जे नेहमीचं एकसारखं करण्याचं साधन आहे, तेही या दोन तऱ्हा एक करत नाही. तसंच ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ यांचं. एकात ‘ॲ’ हे २००८ मध्ये युनिकोडात आलेलं एकसंध अक्षर आहे, दुसऱ्यात ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. तालुक्यातल्या वकिलांची यादी केली तर निम्मी नावं एका शोधात आणि निम्मी दुसऱ्या शोधात येतील.

दुसरी गोष्ट गावाच्याच नावाची. जुन्या कागदांवर ‘निमगांव’ असं अनुस्वार देऊन लिहिलेलं असतं, नव्या लेखनात ‘निमगाव’. दोन्ही कागद खरे आहेत, दोन्ही जपायला हवेत. म्हणून मूळ नोंद न बदलता, शोधापुरतं वेगळं रूप तयार करून दुसऱ्या रकान्यात ठेवायची सोय लायब्ररीत असावी लागते. ती सोय नसली की लोक मूळ नोंदीच ‘दुरुस्त’ करत सुटतात आणि उद्या जुन्या फेरफाराशी मेळ बसत नाही.

तिसरी गोष्ट अंकांची, आणि ही सगळ्यांत धोक्याची आहे. पायथनला देवनागरी ‘५००’ दिलं आणि याचा आकडा कर म्हटलं, तर तो बरोबर पाचशे करतो. एसक्यूलाइटला मात्र देवनागरी अंक कळत नाहीत. आकड्यांच्या रकान्यात ‘५००’ घातलं तर तो ते मजकूर म्हणूनच ठेवतो आणि बेरजेत शून्य धरतो. एका नोंदीत इंग्रजी अंकांत पाचशे, दुसरीत देवनागरीत ५००, तिसरीत इंग्रजी अंकांत अडीचशे असतील, तर बेरीज साडेबाराशे यायला हवी. येते साडेसातशे. चूक झाली असा कुठलाही इशारा येत नाही. आता विचार करा, एखाद्या लायब्ररीने एक्सेलमधून आलेला रकाना आकड्यांचा आहे की मजकुराचा, हे पायथनला विचारून ठरवलं तर पायथन ‘आकड्यांचा’ म्हणणार, आणि जसाच्या तसा मजकूर एसक्यूलाइटच्या हाती दिला तर तिथे तो शून्य होणार. मजुराच्या हजेरीत, दुधाच्या बिलात हे घडलं तर कुणाचे तरी पैसे बुडतात.

चौथी गोष्ट क्रमाची. आपली वर्णमाला ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. संगणकात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक आहे आणि ‘क्ष’ म्हणजे क अधिक ष. म्हणून साधा क्रम लावला की ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात, आणि क्षीरसागर ‘क’च्या घोळक्यात जाऊन बसतात. मतदारांची किंवा सभासदांची छापील यादी चाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपलं नाव ठरल्या जागी मिळत नाही. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये स्वतःचा क्रम नोंदवायची सोय आहे. छोट्या लायब्रऱ्यांनी ती सहज वापरता येईल अशी पुढे आणली, किंवा निदान माहितीपत्रात एक मराठी उदाहरण दिलं, तरी पुष्कळांचं काम होईल.

पाचवी गोष्ट मजकूरशोधाची. एसक्यूलाइटमध्ये एफटीएस५ नावाची शोधाची यंत्रणा आहे आणि अनेक लायब्रऱ्या ती एका ओळीत चालू करून देतात. तिच्या मूळ सेटिंगमध्ये अक्षरं आणि अंक हेच शब्दाचे भाग धरले जातात. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे युनिकोडच्या हिशेबात वेगळ्या वर्गात येतात, म्हणून तिथे शब्द तुटतो. ‘पान’ आणि ‘पेन’ या दोन्हींचे तुकडे ‘प’ आणि ‘न’ असेच होतात. पान शोधावं तर पेनही पुढ्यात येतं. यावर उपाय आहे. कुठले वर्ग शब्दाचे भाग धरायचे हे सांगायचा पर्याय एफटीएस५ मध्येच दिलेला आहे, त्यात मात्रांचे वर्ग घातले की झालं. पण ही गोष्ट माहितीपत्रात नसेल तर वापरणारा समजतो की मराठीत शोध असाच चालायचा.

हे पाचही दोष आपल्या घरातले आहेत. ज्याने कधी सातबारा वाचला नाही, त्याने ते शोधावेत अशी अपेक्षा करू नका. तुम्ही शोधा, नीट मांडा, दुरुस्त करा. मराठीसाठी केलेली दुरुस्ती हिंदी, कोकणी, नेपाळीलाही बरीचशी लागू पडते.

आणखी कुठे काम आहे

भाषेखेरीजही काम पुष्कळ असतं. पायथनमध्ये एसक्यूलाइटचं कनेक्शन ‘विथ’ घालून वापरलं तर ते बदल पक्के करतं किंवा मागे घेतं, पण कनेक्शन बंद करत नाही. शिकणाऱ्यांपैकी अनेकांना ते बंद झालं असं वाटतं. हे माहितीपत्रात ठळक लिहिणं हेही योगदान आहे. पायथन ३.१२ पासून तारखा आपोआप साठवण्याची जुनी पद्धत बाद ठरवायला सुरुवात झाली आणि ती वापरणाऱ्या लायब्रऱ्यांत इशारे यायला लागले. ते इशारे घालवणं हे सुरुवात करणाऱ्याला झेपेल असं काम आहे. एका क्वेरीत किती मूल्यं देता येतात याची मर्यादा एसक्यूलाइटच्या जुन्या आवृत्त्यांत ९९९ होती, २०२० च्या ३.३२ पासून ती ३२,७६६ झाली. जुन्या मशीनवर मोठी यादी घालताना लायब्ररी मोडते का, ते तपासता येतं. पैसे दशांश अपूर्णांकात साठवले तर पैशापैशाचा फरक पडत जातो. ते पूर्णांकात, म्हणजे पैशांत, साठवावेत असं एक उदाहरण लिहून देता येतं.

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जोडून एसक्यूएलचं वाक्य कधी बनवू नका. मूल्यं नेहमी वेगळी द्या. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी प्रश्नचिन्ह वापरतात, पोस्टग्रेसच्या सायकोपीजीमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि एस. लायब्ररीच्या उदाहरणांत कुठे मजकूर जोडून वाक्य केलेलं दिसलं, तर ते बदलायला सुचवा. शिकणारे उदाहरणंच उचलून वापरतात, त्यामुळे एका चुकीच्या उदाहरणातून हजार ठिकाणी भगदाड पडतं.

सुरुवात कशी करायची

आधी लायब्ररी वापरा. घरातलं, मळ्यातलं, दुकानातलं एक खरं काम घ्या आणि महिनाभर ते त्या लायब्ररीवर चालवा. खुडणीच्या मजुरीची वही असेल, गावातल्या वाचनालयाची पुस्तकयादी असेल, काहीही चालेल. वापरल्याशिवाय कुठे खुपतं ते कळत नाही.

मग नियम वाचा. प्रत्येक प्रकल्पाची रीत वेगळी असते. एसक्यूलाइटचा कोड सगळ्यांना खुला आहे, पण बाहेरच्या अनोळखी माणसांचे बदल ते घेत नाहीत, आणि तसं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे. पायथनच्या बहुतेक छोट्या लायब्रऱ्या बदल घेतात. योगदान कसं द्यायचं याची फाइल असते, परवान्याची फाइल असते. दोन्ही वाचून मगच पुढे जा. शेवटचा बदल कधी झाला, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं मिळतात का, तेही बघा. जिथे वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही, तिथे तुमचं पहिलं काम अडकून पडेल.

मग कोड उतरवून घ्या आणि त्यासोबत असलेल्या टेस्ट चालवा. सगळ्या पास झाल्या तर तुमची जागा तयार झाली. नापास झाल्या तर त्या का झाल्या हे शोधणं हेच पहिलं काम. टेस्ट म्हणजे कोडने काय करायला हवं याची लिहून ठेवलेली अपेक्षा. एखादी लायब्ररी समजून घ्यायची असेल तर तिच्या टेस्ट वाचण्यासारखा दुसरा चांगला मार्ग नाही.

दोष सापडला की तो लहान करत आणा. दोनशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बिघाड दिसत असेल तर एकेक ओळ काढत दहा ओळींवर या. दहा ओळींत दोष दाखवता आला, तर मेंटेनरचं निम्मं काम तुम्ही केलंत. मग इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या जागेवर त्या दोषाची नोंद, लिहा. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पायथनची आणि लायब्ररीची आवृत्ती कोणती, एवढं पुरे. इंग्रजी साधं, छोट्या वाक्यांचं असू द्या. व्याकरण चुकलं म्हणून कुणी हसत नाही. दहा ओळी चालवून बघता आल्या की भाषेचं अडत नाही. मराठी अक्षरांचा दोष असेल तर कुठलं चिन्ह कशानंतर येतं ते युनिकोडच्या क्रमांकांनी लिहा, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्याला दोन्ही शब्द सारखेच दिसणार आहेत.

उत्तर यायला वेळ लागतो. आठवडे लागतात, कधी महिने. तगादा लावू नका. होकार मिळाला की बदल लहानात लहान करा. आधी जी नापास होते अशी टेस्ट लिहा, मग ती पास होईल एवढाच बदल करा. जाता जाता दुसऱ्या चार गोष्टी ‘सुधारू’ नका. पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल घ्या म्हणून पाठवलेल्या विनंतीत, कुणी काही सुचवलं तर ते आपल्या कामाबद्दल आहे, आपल्याबद्दल नाही, असं समजून शांतपणे दुरुस्त करा. नाही म्हणाले तर कारण विचारा, आभार माना, पुढचं काम घ्या.

काय करू नये, तेही स्पष्ट सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात टीशर्ट मिळवण्यासाठी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. माहितीपत्रात एखादं विशेषण घालायचं आणि योगदान म्हणून दाखवायचं. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना नियम बदलावे लागले. त्या पावसात आपल्या देशातली पोरंही पुष्कळ होती. आता दुसरा धोका आहे. एआयकडून लिहून घेतलेला, स्वतः न वाचलेला, न चालवलेला मजकूर लोक पाठवतात. कर्ल या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून अशा खोट्या दोषांच्या अहवालांबद्दल जाहीरपणे बोलत आले आहेत. एआयची मदत शिकायला घ्या, इंग्रजी तपासायला घ्या. पण जे तुम्हाला स्वतःला समजावून सांगता येत नाही, ते दुसऱ्याच्या दारात टाकू नका.

आणखी एक पथ्य, आणि ते मोडू नका. इश्यूमध्ये खऱ्या माणसांच्या नोंदी टाकायच्या नाहीत. सातबाऱ्यावरची नावं, आधार क्रमांक, खातं, फोन, काहीही नाही. दोष दाखवायला बनवलेली नावं पुरतात. एकदा सार्वजनिक ठिकाणी गेलेली नोंद मागे घेता येत नाही.

शिक्षकांना, घरच्यांना, सोसायटीच्या मंडळींना

कॉलेजांतल्या शिक्षकांना विनंती आहे की डीबीएमएसच्या प्रोजेक्टला दर वर्षी तीच ग्रंथालय व्यवस्थापनाची आणि विद्यार्थी नोंदणीची प्रणाली नव्याने करून घेण्याऐवजी, चौघांच्या एका गटाला एका चालू लायब्ररीचा एक दोष द्या. दोष शोधला, लहान केला, टेस्ट लिहिली, चर्चा केली, याला गुण द्या. बदल स्वीकारला गेला की नाही यावर गुण ठेवू नका, कारण ते विद्यार्थ्याच्या हातात नाही. पायथनची शिदोरी कमी पडत असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं साहित्य आहे, आणि स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतूनही मिळतात. पुण्यात २०११ मध्ये पायकॉन इंडिया ही देशभरच्या पायथनवाल्यांची परिषद झाली होती. पोस्टग्रेस सांभाळायला जगभर वापरलं जाणारं पीजीॲडमिन हे पायथनमधलं साधन घडवण्यात पुण्यातल्या माणसांचा मोठा वाटा आहे. म्हणजे हे काम आपल्याकडची माणसं करत आली आहेत, आणि पुण्यापासून बारामती-इंदापूर काही लांब नाही.

आईवडिलांना खरं ते सांगतो. या कामाचा पगार मिळत नाही आणि यातून नोकरी मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण मुलाने किंवा मुलीने काय केलं, कशी चर्चा केली, चूक कशी सुधारली, हे सगळं कायमचं उघड लिहिलेलं राहतं. काम बघून माणूस निवडणाऱ्याला ते वाचता येतं. मुलीला घरात लॅपटॉप आणि रोजचा एक निवांत तास मिळतो का, याकडे विशेष लक्ष द्या. मुलाला तो न मागता मिळतो, तिला मागावा लागतो.

सोसायटीचे सचिव, डेअरीवाले, दुकानदार, पानमळेवाले, तुमच्याकडूनही एक हवं आहे. तुमच्या नोंदी देऊ नका, पण तुमची अडचण सांगा. कुठलं नाव शोधून सापडत नाही, कुठली बेरीज हाताने पुन्हा करावी लागते, यादीत कुणाचं नाव चुकीच्या जागी येतं, हे गावातल्या शिकणाऱ्या पोराला बसवून अर्धा तास सांगा. चांगली लायब्ररी अशाच तक्रारींतून घडते.

या रविवारी एवढं करा. दोघंतिघं एकत्र बसा. पायथन उघडा, एसक्यूलाइटमध्ये एक टेबल करा, त्यात ‘कऱ्हा’ दोन्ही तऱ्हांनी घाला, ‘५००’ देवनागरीत घाला, ‘काळे’ आणि ‘कावळे’ घाला. शोधा, बेरीज करा, क्रम लावा, आणि जे चुकलं ते वहीत लिहा. मग एक छोटी लायब्ररी निवडून तीच परीक्षा तिच्यावर घ्या. ती जिथे नापास होईल, तिथून तुमचं काम सुरू होतं. आणि तुमचा पहिला बदल स्वीकारला गेला की तिथेच थांबू नका. त्या लायब्ररीत पुढचा नवखा प्रश्न विचारायला येईल तेव्हा त्याला उत्तर द्यायला तुम्ही तिथे असा.